सायटिकाची कळ शस्त्रक्रियेविना कशी शमवावी

तासगाव परिसरातील एका शेडमध्ये बेदाणा निवडण्याचे काम करणाऱ्या एक मावशी गेल्या उन्हाळ्यात सांगलीला माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आल्या, तेव्हा त्यांना खुर्चीवर धड बसताही येत नव्हते. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती आणि खोकला आला की करंट बसल्यासारखा पाय झटकला जात होता. हातात एमआरआयचे मोठे पाकीट होते. अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून नस दबल्याची जी ओळ होती, तिच्याखाली कोणीतरी लाल पेनाने दोनदा रेघ ओढली होती. आता ऑपरेशन केले नाही तर पाय जाणार, हे त्यांच्या मनाने धरून टाकले होते आणि त्यासाठी त्या गळ्यातले डोरले मोडायलाही तयार होत्या.

सायटिकाच्या, म्हणजे नस दबून कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले आणि तेच येथे सविस्तर लिहीत आहे. वाचताना एक गोष्ट कायम मनाशी ठेवावी. दुखणे किती आहे याच्याइतकेच ते कोठे आहे आणि कोणत्या दिशेने सरकत आहे, याकडे रोज लक्ष द्यायचे आहे. पावलातली कळ वर चढत पोटरीत, मग मांडीत, मग कुल्ल्यात आणि शेवटी कमरेत येऊन थांबू लागली, तर कंबर आधीपेक्षा थोडी जास्त दुखत असली तरी आपण बरे होत आहोत, असे समजावे. उलट, कंबर हलकी वाटू लागली पण कळ पोटरीवरून घोट्याकडे आणि बोटांकडे उतरू लागली, तर जो व्यायाम किंवा जे काम आपण करत आहोत ते तेथेच थांबवावे. पुढचा प्रत्येक उपाय याच कसोटीवर पारखून घ्यायचा आहे.

आधी धोक्याच्या खुणा तपासाव्यात

घरगुती उपाय सुरू करण्यापूर्वी काही गोष्टींची खात्री करणे अत्यावश्यक आहे. लघवी अडत असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला असेल, सायकलच्या सीटवर बसताना शरीराचा जो भाग टेकतो तेवढा भाग बधीर झाला असेल, किंवा दोन्ही पायांतील ताकद एकाच वेळी कमी होत असेल, तर ती तातडीची अवस्था आहे. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा संपूर्ण जुडगा दाबला गेल्याची ती खूण असते आणि अशा वेळी तासांना महत्त्व असते. सकाळ होण्याची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयात जावे. लाजेपोटी ही लक्षणे घरात कोणाला न सांगणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतके स्पष्ट लिहीत आहे. यांखेरीज ताप, कारणाशिवाय घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठा अपघात किंवा उंचावरून पडणे यांची जोड पाठदुखीला असेल, तरीही आधी डॉक्टरांची तपासणी, मग बाकीचे सारे.

पायाची ताकद घरीच पाहता येते. भिंतीला हलका हात लावून टाचांवर दहा पावले चालावे, मग चवड्यांवर दहा पावले चालावे आणि शेवटी दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहून टाच दहा वेळा उचलावी. टाचांवर चालताना पाऊल खाली पडत असेल, किंवा एका पायावर टाच उचलताच येत नसेल, तर नसेचे काम मंदावले आहे आणि त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा मेंदू-मणका शल्यविशारदांना दाखवावे. ही चाचणी दर रविवारी करून वहीत लिहून ठेवावी. दुखणे कमी होत आहे पण ताकदही कमी होत आहे, अशी परिस्थिती फसवी असते.

नेमके काय दुखते

सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस आहे. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघालेल्या मुळ्या एकत्र येऊन ती बनते, कुल्ल्यातील स्नायूंखालून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याच्या जरा वर तिच्या दोन फांद्या होतात. बहुतेक वेळा त्रास होतो तो मुळाशी, आणि दुखते मात्र फांदीच्या टोकाला. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी सरकली तर कळ साधारणपणे पायाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते, आणि त्याच्या खालची गादी असेल तर पोटरीतून टाचेकडे व करंगळीकडे जाते. त्यामुळे पोटरी चोळून पोटरीतली कळ कायमची जाईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. तेल लावून शेकल्याने आखडलेले स्नायू सैल होतात आणि बरे वाटते, ते जरूर करावे. मात्र सरकलेली गादी बोटांनी दाबून कोणालाही जागेवर बसवता येत नाही.

आपल्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची रीत आहे. माझ्या वडिलांनी ती घेतली होती. वाळवा तालुक्यातल्या आमच्या शेतात रात्री उसाला दारे धरताना त्यांच्या कमरेत चमक निघाली, लाथेनंतर ती पायात उतरली, आणि नंतर ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी सहा आठवडे अंथरुणावरून हलू नका असे सांगून पायाला वजने टांगली. सहा आठवड्यांनी ते उठले तेव्हा कळ थोडी कमी होती, पण पोटरी इतकी सुकली होती की अंगणातली एक पायरी चढायला त्यांना माझ्या खांद्याचा आधार लागला. मी तेव्हा नववीत होते. त्या काळी असा सल्ला सर्रास दिला जाई. पुढे 1999 साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवले आणि निम्म्यांना झेपेल तसे हिंडूफिरू दिले, तेव्हा 12 आठवड्यांनी दोन्ही गटांतील 87 टक्के रुग्णांना सारखाच आराम पडला होता. म्हणजे पडून राहिल्याने काहीच पदरात पडले नव्हते.

पहिले काही दिवस

पहिल्या दोन-तीन दिवसांत कळ असह्य असते, तेव्हा व्यायामाची घाई करू नये. जमिनीवर वाकळ अंथरून उताणे झोपावे आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर किंवा लाकडी पेटीवर अशा ठेवाव्यात की कंबर आणि गुडघे दोन्ही काटकोनात येतील. या स्थितीत दहा ते पंधरा मिनिटे शांत पडून राहावे आणि दिवसातून चार-पाच वेळा हे करावे. कुशीवर झोपायचे असेल तर दुखरा पाय वर ठेवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी. अंथरुणातून उठताना एकदम पुढे वाकून उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या जोरावर बसावे.

दर तासाला पाच मिनिटे का होईना, घरातल्या घरात सपाट जागेवर चालावे. शेक घ्यायचा असेल तर कमरेवर आणि कुल्ल्यावर पंधरा मिनिटे घ्यावा, पण ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचा पाय बधीर आहे त्यांनी पायावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये, कारण चटका बसल्याचे कळत नाही आणि पावलाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

सकाळच्या पहिल्या तासाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपल्या घरांतील सारी वाकण्याची कामे नेमकी त्याच वेळी असतात. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची किंचित वाढलेली असते आणि त्या वेळी पुढे वाकल्यास गादीवरचा ताण जास्त येतो. अंथरुणाच्या घड्या, सडा, केर, जनावरांचे शेण काढणे, बादलीवर वाकून तोंड धुणे, ही सर्व कामे काही आठवडे उठल्यानंतर तासाभराने करावीत, किंवा घरातील दुसऱ्या कोणी करावीत. घरातल्या बाईला सायटिका झाली तर ही शेवटची ओळ घरातल्या पुरुषांनी पुन्हा एकदा वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दिशा ओळखण्याची चाचणी

न्यूझीलंडमधील फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे 1956 साली एक रुग्ण आला होता. डोक्याकडची बाजू उंच करून ठेवलेल्या टेबलावर तो चुकून पालथा झोपून राहिला, आणि मॅकेन्झी काही मिनिटांनी परत येऊन पाहतात तो त्याच्या पायातली कित्येक दिवसांची कळ ओसरून गेली होती. त्या योगायोगातून वेदनेच्या दिशेवर आधारलेली उपचारपद्धती उभी राहिली. तीच चाचणी घरी पुढीलप्रमाणे करता येते.

जमिनीवर पालथे झोपावे, हात अंगाशी सैल सोडावेत आणि दोन-तीन मिनिटे तसेच राहावे. या वेळी कळ नेमकी कोठपर्यंत आहे ते बोट ठेवून ठरवावे. नंतर कोपरांवर भार देऊन छाती उचलावी, पोट व कंबर मात्र जमिनीलाच टेकलेली राहू द्यावी, आणि पुन्हा दोन-तीन मिनिटे थांबावे. हे सोसले तर भुजंगासनाप्रमाणे तळहात खांद्यांखाली टेकवून हात हळूहळू सरळ करावेत, एक-दोन सेकंद थांबून खाली यावे, आणि असे दहा वेळा करावे. कुल्ले आवळू नयेत. उचलण्याचे सगळे काम हातांनी करायचे आहे. दहा वेळा झाल्यावर उभे राहून पुन्हा पाहावे की कळ कोठपर्यंत आहे. ती घोट्यावरून पोटरीत किंवा पोटरीवरून मांडीत आली असेल, तर हाच आपला व्यायाम, आणि तो दर दोन-तीन तासांनी दहा वेळा करावा. प्रत्येक वेळी कळ खाली उतरत असेल तर हा व्यायाम आपल्यासाठी नाही आणि तो जबरदस्तीने करू नये.

साठी ओलांडलेल्या अनेक रुग्णांमध्ये प्रकार निराळा असतो. त्यांच्या मणक्यांची नळी अरुंद झालेली असते. आमराईत दोन फेऱ्या मारल्या की पाय भरून येतात, बाकावर पुढे झुकून बसले की मोकळे होतात, आणि चालणे जमत नसले तरी सायकल मात्र आरामात चालवता येते. अशांना मागे वाकण्याचे व्यायाम सहसा सोसत नाहीत. त्यांनी उताणे झोपून एकेक गुडघा, मग दोन्ही गुडघे हातांनी छातीकडे ओढावेत, दहा-पंधरा सेकंद धरावेत आणि थोडे थोडे चालून मध्ये बसण्याची सवय ठेवावी.

कळ निम्म्यावर आली की नस मोकळी करण्याचा हलका व्यायाम सुरू करावा. खुर्चीवर ताठ बसून दुखऱ्या पायाचा गुडघा सावकाश सरळ करताना मान वर करून छताकडे पाहावे, आणि गुडघा खाली घेताना हनुवटी छातीकडे आणावी. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा पुरे होते. यात नस ओढायची नसते, ती आपल्या वाटेने पुढेमागे सरकू द्यायची असते. म्हणून मुंग्या वाढेपर्यंत पाय ताणू नये. कुल्ल्याच्या आत खोलवर दुखत असेल तर उताणे झोपून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि खालची मांडी छातीकडे तीस सेकंद ओढावी, तीन वेळा. पुरुषांनी मागच्या खिशातले पैशाचे पाकीट आजच पुढच्या खिशात ठेवावे. सेतुबंधासनासारखे ताकदीचे व्यायाम चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून पुरेसे आहेत. पाय सरळ ठेवून पुढे वाकून बोटे धरण्याचा पश्चिमोत्तानासनाचा प्रकार मात्र कळ पूर्ण जाईपर्यंत टाळावा. नस मोकळी होईल या समजुतीने तो करून दुखणे वाढवून घेतलेले लोक दर महिन्याला माझ्याकडे येतात.

बसणे, प्रवास आणि चालणे

कंबर गोल करून बसल्यावर गादीवरचा ताण वाढतो, आणि आपले बसणे बहुधा तसेच असते. जमिनीवर मांडी घालून जेवणे, भाजी निवडणे, पंगतीत बसणे, उकिडवे बसून धुणे धुणे, हे सहा ते आठ आठवडे बंद ठेवावे आणि शौचालयात कमोडची खुर्ची वापरावी. खुर्चीवर बसताना कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग बसू नये. शिंक किंवा खोकला येणार असे वाटताच उभे राहून कंबर किंचित मागे झुकवावी व भिंतीला हात टेकावा. दुचाकी शक्यतो नकोच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवरचा अर्ध्या तासाचा प्रवास दोन आठवड्यांचा व्यायाम वाया घालवू शकतो. एसटीने जायचेच असेल तर मागच्या चाकावरची आणि अगदी शेवटची बाके सोडून मधल्या बाकावर बसावे.

चालण्यासाठी सकाळचा हरिपूर रस्ता चिंचांच्या सावलीचा आणि सपाट असल्याने मी नेहमी सुचवते. सुरुवातीला दहा मिनिटे, दोनदा, आणि कळ खाली उतरली नाही तर दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटे वाढवावीत.

औषधे, एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेण्यास हरकत नाही, मात्र मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, हृदयविकार किंवा जठराचा व्रण असलेल्यांनी त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. नसेसाठी म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालीनचा सायटिकात साध्या, औषधविरहित गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, असे 2017 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत आढळले, आणि चक्कर येण्याचा त्रास मात्र अधिक झाला. ती आधीच चालू असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारून कमी करावी. नाव-गाव नसलेल्या पुड्या आणि वेष्टनाविना मिळणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. अशांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आयुर्वेदात या विकाराला गृध्रसी म्हटले आहे. त्या उपचारांकडे जायचे असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडेच जावे. कमरपट्टा प्रवासापुरता ठीक. दिवसभर बांधल्याने पाठीचे स्नायू आळसावतात.

धोक्याची खूण नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय काढण्याची सहसा गरज नसते. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला, त्यात पन्नाशीच्या 60 टक्के निरोगी लोकांमध्ये गादी फुगलेली आढळली होती. त्यामुळे अहवालातील ओळ वाचून घाबरण्यापेक्षा ती ओळ आणि आपल्या पायातली कळ जुळते का, हे तज्ज्ञांकडून समजून घ्यावे. अनेकांना नवल वाटेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे गादीचा जो तुकडा पूर्ण सुटून बाहेर पडलेला असतो, तो केवळ फुगलेल्या गादीपेक्षा अधिक वेळा आपोआप आक्रसतो, कारण शरीर त्याला परका समजून हळूहळू शोषून घेते. अहवालातला सर्वांत भयंकर शब्द हा नेहमीच सर्वांत वाईट भविष्य सांगत नाही.

शस्त्रक्रियेला मी वाईट म्हणत नाही. पायाची ताकद झपाट्याने जात असेल तर ती लांबवू नये, आणि सर्व नीट करूनही सहा ते बारा आठवड्यांनंतर कळ झोपू देत नसेल तर तिचा विचार करणे योग्यच आहे. नेदरलँड्समध्येच 283 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतील 95 टक्के रुग्ण बरे झाले होते. ज्यांना थांबायला सांगितले होते त्यांच्यापैकी 39 टक्के रुग्णांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि हेही रुग्णाला सांगितलेच पाहिजे. म्हणजे बऱ्याचदा निवड असते ती वेगाची: किती आठवडे कळ सोसता येईल, रोजगार किती दिवस बुडवता येईल, घरात हाताखाली कोण आहे. हे हिशेब रुग्णानेच करायचे असतात, आणि ते करायला त्याला वेळ मिळाला पाहिजे.

कामावर परतताना

बेदाण्याच्या मावशींची कळ तिसऱ्या आठवड्यात अंगठ्यावरून पोटरीत आली. सहाव्या आठवड्यात त्या दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, पाय मोकळा झालाय, पर कंबार लईच धरतीया," आणि काहीतरी बिघडले या धास्तीने त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांच्या वहीतल्या पायाच्या चित्रावर त्यांच्याकडूनच पुन्हा रेघ काढून घेतली. पहिल्या दिवशी अंगठ्यापर्यंत गेलेली रेघ आता कुल्ल्याखाली रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात येऊन थांबली होती.

दहाव्या आठवड्यात त्या शेडवर परतल्या. पहिला आठवडा दोन तास, दुसरा चार तास, मग पूर्ण दिवस, असा क्रम आम्ही ठरवला होता. जमिनीवर बसण्याऐवजी त्यांनी गुडघ्याच्या उंचीचे लाकडी स्टूल घेतले, बेदाण्याचा ट्रे दोन क्रेटवर चढवून मांडीच्या वर आणला, आणि दर अर्ध्या तासाला उठून कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकण्याचे ठरवले. मुकादमाने सुरुवातीला कुरकुर केली. दिवाळीच्या सुमारास त्या भेटल्या तेव्हा ओळीतल्या आणखी चार बायकांनी आपापले ट्रे क्रेटवर चढवले होते.